तळटिपेत टाकलेली बाई

गॉटिंगेन, ३ नोव्हेंबर १८८६

ग्रंथालयाने माझी उशी जप्त केली! कारण काय, तर ‘वाचनकक्षाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही.’ शतकानुशतकांच्या नकलनवीसांचे पाठभेद मी लाकडी बाकावर बसून ताडून पाहतो. धर्मशास्त्राने माझ्या बुडाचा विचार कधी केलाच नाही.

५ नोव्हेंबर

बायबलच्या नव्या आवृत्तीची बैठक. योहानाच्या शुभवर्तमानातली ती व्यभिचारात पकडलेली बाई, दगड मारायला आलेले लोक, ‘मीही तुला दोषी ठरवत नाही’ म्हणणारा येशू — हा सबंध प्रसंग सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत नाहीच. मागाहून कुणीतरी घातलेला. मी म्हटलं, तळटिपेत टाका.

प्रोफेसर टीडेमानने टेबलावर मूठ आपटली. “डॉक्टर, तुम्ही करुणेलाच हाकलताय!”

“मी योहानाने काय लिहिलं तेवढं शोधतोय, प्रोफेसरसाहेब. सुंदर आहे म्हणून त्याच्या नावावर खपवायचं?”

“तुम्हाला काळीज आहे की नाही?”

“आहे. पण त्याची जुनी प्रत मिळत नाही.”

लोक हसले. तो नाही.

७ नोव्हेंबर, रविवार

टीडेमानचं चर्चमध्ये प्रवचन, त्याच बाईवर. बायका रडल्या. स्वतःही रडला. काय तो रुमाल!

९ नोव्हेंबर

नवऱ्याला सोडून गेलेली टीडेमानची मुलगी आल्विना परत आलीय. बापाने दार उघडलं नाही. माझी घरमालकीण फ्राउ क्नोप बटाटे सोलता सोलता सांगत होती, “पेटी घेऊन किती वेळ उभी होती हो पायरीवर! आत पडदा तेवढा हलला. आता स्टेशनाजवळच्या खानावळीत पडलीय.”

माझे डोळे आले होते त्या हिवाळ्यात हीच पोरगी मला प्रती वाचून दाखवायची. आभार मानायचे राहूनच गेले.

१२ नोव्हेंबर

मतदान झालं. बाई तळटिपेत. मी जिंकलो.

“हाकललीत ना शेवटी?” टीडेमान दारात म्हणाला.

उत्तर जिभेवर आलं होतं. गिळलं. त्या टेबलावर आल्विनाचं नाव टाकायचं नव्हतं.

टीप लिहिली: ‘प्राचीन प्रतींत नाही.’ खरं तेच लिहिलं. पण कुणा नकलनवीसाला ही बाई वाऱ्यावर सोडवली नाही, त्याने दुसऱ्याच्या ग्रंथात तिला जागा करून दिली — हेही आमच्याच शास्त्राने सांगायला हवं. त्याला टिपेत जागा नाही!

१३ नोव्हेंबर

फ्राउ क्नोपना मागची खोली झाडायला सांगितली.

“कुणासाठी, डॉक्टरसाहेब?”

“आल्विनासाठी. कुणी विचारलं तर माझी मावसबहीण म्हणा.”

“अहो, सगळं गाव ओळखतं तिला!”

“तरी तेच सांगा.”