पडदा काळा झाला तेव्हा

अण्णा, बॉथेलच्या लायब्ररीतली ती रविवारची दुपार तुम्ही विसरला नसणार. दोन हजार सहा साली व्हिजिटर व्हिसावर तुम्ही अमेरिकेत माझ्याकडे आला होतात. ऑफिसातल्या चौघांबरोबर मी एक फिल्म ग्रुप चालवत होते आणि त्या दिवशी ऑस्ट्रेलियातल्या कलाकारांच्या प्रायोगिक व्हिडिओ फिल्म्स दाखवायच्या होत्या. त्यातली एक कलाकार बाई स्वतः आली होती. तुम्हाला नेलं ते खरं तर घरी एकटे कंटाळाल म्हणून. तुम्ही मात्र इस्त्रीचा शर्ट घालून आलात आणि हॉलमध्ये शिरल्या शिरल्या प्रोजेक्टरपाशी गेलात. "एवढासा? आणि रीळ कुठं लावतात?" मी तुम्हाला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, कुणी ऐकलं तर नाही ना हे बघत.

कारण बार्शीच्या टॉकीजमध्ये तुम्ही पस्तीस वर्षं ऑपरेटर होतात, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिसायचा आणि त्याच क्षणी तुम्ही दुसरं मशीन सुरू करायचात. आपल्या हातून पडदा कधी काळा पडला नाही, हे तुम्ही जेवताना किती वेळा सांगितलं असेल! पण पुण्याच्या हॉस्टेलवर सगळ्यांचे वडील डॉक्टर नाहीतर प्रोफेसर. मी ठोकून दिलं, माझे सरकारी नोकरीत आहेत. मग तेच निभावत अमेरिकेपर्यंत आले.

पडद्यावर, त्या कलाकार बाईच्या फिल्ममध्ये, एक बाई कोरड्या पडलेल्या खाऱ्या तळ्यातून टेबल ओढत चालली आहे. दहा मिनिटं झाली, चालतेच आहे. ऑफिसातले लोक चुळबुळ करताहेत, तुम्ही मात्र जांभईसुद्धा देत नाही. मग पडदा काळा होतो आणि नुसता वाऱ्याचा आवाज येत राहतो. ते मुद्दाम केलेलं होतं, पण तुम्हाला मी काहीच समजावलं नव्हतं. तुम्ही मागे वळून बघता. शिट्ट्या नाहीत, आरडाओरडा नाही, कुणी जागचं हलत नाही. म्हणून तुम्हीच उठता. सत्तरीचा माणूस, पण केवढ्या चपळाईने गेलात! आधी लेन्ससमोर पंजा धरून उजेड येतोय का ते पाहिलंत, मग शेजारच्या प्लेअरवर जे बटण दिसलं ते दाबलंत. वाराही बंद झाला.

"अण्णा, हात नका ना लावू! ती फिल्मच तशी आहे. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं." मी सगळ्यांसमोर ओरडले. "इट्स ओके यार, परत प्ले करू," ऑफिसातला एकजण म्हणाला. ती कलाकार बाई तर हसतच जवळ आली. लेन्ससमोरचा तुमचा पंजा तिने पाहिला होता. तिने मला इंग्रजीत विचारलं, हे प्रोजेक्टरवर काम करायचे का? "नो, नो," मी म्हणाले, "ही वॉज इन अ गव्हर्नमेंट ऑफिस." तेवढं इंग्रजी तुम्हाला कळतं, हे मला माहीत होतं. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि जागेवर जाऊन बसलात.

गाडीत तुम्ही बोलाल, रागवाल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "बाईनं वारा छान पकडला होता." पुढच्या शनिवारी पॉटलकला, घरोघरचे डबे घेऊन सगळे जमले तेव्हा, नागपूरच्या एका काकांनी तुम्हाला विचारलं, "काय साहेब, कुठून रिटायर झालात?" "सरकारी नोकरीत होतो," तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात. त्यांनी खातं विचारलं, तर "पाटबंधारे." वर कुठल्याशा तापट साहेबाची गोष्टही सांगितलीत. जन्मात खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी एक अख्खा साहेब तयार करत होता. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर येऊन सगळ्यांना भात वाढला.

तुम्ही परत गेलात आणि त्याच थंडीत वारलात. विषय काढला असता तर तुम्हाला उगाच त्रास झाला असता, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. तसं काही नव्हतं, अण्णा. मला तुमची लाज वाटत होती. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणूनच एवढं तरी लिहू शकतेय. मागच्या महिन्यात माझ्या लेकीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी विचारलं, "आई, व्हॉट डिड आजोबा डू?" ती पेन्सिल घेऊन समोर बसली होती, घरात दुसरं कुणीही नव्हतं. "इरिगेशन डिपार्टमेंट," मी म्हणाले. तिने स्पेलिंग विचारलं. मी तेही सांगितलं.