खिडकीजवळच्या खाटेची नात

प्रिय मुंगे,

तुझा निरोप टेम्पोवाल्या काकांनी लॉन्ड्रीत येऊन सांगितला. तुझ्या खोलीतली दुसरी खाट रिकामी झालीय, मालकीणबाई महिनाअखेरपर्यंत थांबतील, आणि मी गाशा गुंडाळून निघून यावं. इस्त्री बंद करून मी मागच्या मोरीत गेले आणि पोटभर रडले. आनंदाने की दमणुकीने, ते विचारू नकोस. फोन केव्हाच विकला, म्हणून हे पत्र काकांच्याच हाती देतेय.

माझं तेच चाललंय. अंघोळ स्टँडवर, दिवसभर इस्त्री, आणि संध्याकाळ झाली की हॉस्पिटलचं बाकडं. अंगावरचे कपडे कडक इस्त्रीचे असल्यामुळे कुणाला संशय येत नाही. लॉन्ड्रीच्या मालकांना तर वाटतं मी मावशीकडे राहते. खोली बघायला गेले की आधी विचारतात, बरोबर कोण आहे, आणि मग डिपॉझिट. दोन्हींच्या नावाने शंख. हल्ली बसल्या बसल्या झोपून मान अशी आखडते की कुणी हाक मारली तर अख्खीच वळते मी.

पेशंटचे नातेवाईक व्हायचं तूच शिकवलंस मला. हातात थर्मास हवा, पिशवीतून टॉवेल डोकावायला हवा, चेहरा काळजीचा, आणि एका मजल्यावर सलग बसायचं नाही. तू तर एकदा इतकी मनापासून रडलीस की शेजारच्या बाईंनी स्वतःच्या नवऱ्यासाठी आणलेला डबा तुला भरवला, आणि मी तोंडात ओढणी कोंबून हसत होते. तू गेल्यापासून तिथे हसायला कुणी नाही. कंटाळा येतो गं, नुसता कंटाळा.

नवा वॉचमन आला आणि माझी फजिती झाली. पेशंट कोण, म्हणून अडून बसला. तूच सांगितलं होतंस, असं कुणी विचारलं तर झोपलेल्या पेशंटकडे बोट दाखवायचं. मी घाईघाईत बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवरची म्हातारी दाखवली. आणि ती टक्क जागी. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि वॉचमनला म्हणाली, नात आहे माझी, कधी वेळेवर येईल तर शपथ. तेव्हापासून मी नात आहे.

आजी जन्मभर काज-बटणं करत आली. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा भाच्याने इथे आणून टाकलं आणि मागे तिची खोली भाड्याने देऊन मोकळा झाला. हे तिने मला माझ्या ड्रेसचं बटण घट्ट करता करता सांगितलं, जसं काही दुसऱ्याच कुणाची गोष्ट होती. मी कुठे राहते ते एकदाच विचारलं तिने. लांब, म्हटलं. माझंही आता लांबच आहे म्हणाली, आणि विषय संपला. तिला चालवायला सिस्टरनी मला शिकवलं. ती माझे केस विंचरते आणि माझ्या वेणीला उंदराची शेपटी म्हणते. माझे केस शेवटचे कुणी विंचरले होते ते मला आठवत नाही.

चार दिवसांपूर्वी सिस्टर म्हणाल्या, आजी आता काठीने चालतात, सोमवारी घरी घेऊन जा. घरी. मी हो म्हणाले आणि सटकले. सरळ पळाले, मुंगे. स्टँडवर राहिले, हॉस्पिटलच्या रस्त्यालाही फिरकले नाही. मग राहवेना, गेले. ती जेवली नव्हती. नातीच्या हातचं जेवेन, असं सगळ्या वॉर्डाला ऐकवत बसली होती. मला बघून एवढंच म्हणाली, पळायचं असेल तर पळ, मी रागावणार नाही, फक्त सांगून जा. नात आली नाही तर तिला निराधार बायकांच्या आश्रमात पाठवणार आहेत. तिथून आलेली एक बाई तिच्याच वॉर्डात आहे. त्या बाईच्या पाठीच्या जखमा मी पाहिल्यात.

म्हणून लिहितेय. तुझ्या खोलीतली ती खाट आजीला दे. खोटं बोलायची सवय आहेच तुला, आपली आजी म्हणून सांग. ती फार जागा अडवत नाही, खाणं चिमणीएवढं, काज-बटणं अजून भराभर करते. तू जातेस त्या कपड्यांच्या कारखान्यातलं काम घरी मिळालं तर भाड्याला हातभार लावेल. घोरते, आणि तुला नावं ठेवेल, ते सोसावं लागेल. आजी आणि मी, दोघींना त्या खाटेवर तुझ्या मालकीणबाई घेणार नाहीत, मला ठाऊक आहे, म्हणून तसं विचारतच नाही. तुझ्यावर ओझं टाकतेय हेही कळतं मला. पण सोमवारी काका तिकडेच येणार आहेत, टेम्पोत पुढे बसवून तिला घेऊन येतील, मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. तिला मी सांगितलंय की मागच्या गाडीने मीही येतेय. तिने मान हलवली, पण मग बराच वेळ माझा हात सोडला नाही. ती गेली की मला त्या हॉस्पिटलात बसता येणार नाही, तिथे आता सगळे मला तिची नात म्हणून ओळखतात. दुसरी जागा बघेन कुठेतरी. तू फक्त सोमवारी दारात उभी राहा, आणि तिने विचारलं तर म्हण, येतेय ती, उशीर करायची खोडच आहे तिला.

तुझीच,
बगळी