आप्पांची राजदूत अकोल्याला का येणार नाही

कोन, ता. भिवंडी
अशोक विजयादशमीनंतरचा दुसरा रविवार

ती. धम्मदिनाताईस,

धाकट्या सुमितचा सप्रेम जय भीम. दाजींनाही सांग, आणि हेमालीला भरपूर आशीर्वाद. तुझी कंबर, दाजींचं ब्लडप्रेशर आणि तुझ्या शाळेची तपासणी ही तिन्ही आता उतरणीला लागली असतील अशी आशा करतो. इकडे घरात मी आणि आई, दोघंही आहोत तसे आहोत. (मुख्याध्यापिकेला पत्र लिहायचं म्हणजे शुद्धलेखनाची भीती वाटते. लाल पेन हवं तेवढं चालव, पण आधी शेवटपर्यंत वाच.)

तर गाडीबद्दल. हेमालीने लग्नाच्या मंडपात आजोबांची राजदूत मोटारसायकल स्वतः चालवत यायचं आणि नवऱ्यामुलाने मागे बसायचं, ही कल्पना मला मनापासून आवडली. मग तू म्हणालीस, ‘ती गाडी जरा चालू कर आणि ट्रान्सपोर्टने पाठवून दे.’ ताई, मला त्या ‘जरा’वर बोलायचं आहे. गेले अडीच महिने मी त्या ‘जरा’मध्ये राहतोय. दापोड्याच्या गोदामातली ड्युटी संपली की घरी येतो, शर्ट काढतो आणि त्या ‘जरा’मध्ये शिरतो. माझ्या नखांतलं काळं आता जात नाही. गोदामात हजेरीला बोट ठेवलं तर मशीन मला ओळखत नाही.

आप्पा गेल्यावर गाडी केसरीनाथकाकांच्या कापडाच्या लूमच्या कारखान्यात ‘आठ दिवसांसाठी’ ठेवली होती, तुझ्याच देखत. त्या आठ दिवसांना अठरा वर्षं झाली. मधल्या काळात लूम भंगारात गेले, काका पार वाकले, आणि गाडीला कारखान्यात दुसरी नोकरी लागली. कुणीतरी तिच्या सीटवर आणि एका ड्रमवर फळ्या टाकून मांडणी केली होती. तिच्यावर सुताच्या गाठी, मोडके पंखे, कुणाच्या तरी लग्नातली भांडी, असा छतापर्यंत संसार. मी काकांना विचारलं, गाडी ओढू का? काका म्हणाले, “ओढ की, तुझ्या बापाचीच हाय.” मी ओढली. पुढे काय झालं ते सांगत नाही. दोन तास भांडी वेचत होतो, आणि काका खाटेवरून, “ते झाकण त्या पातेल्याचं न्हाय,” असं शांतपणे सांगत होते.

गाडी ढकलत घरी आणली. (ढकलत म्हणजे उचलत. दोन्ही चाकांनी फिरायचं सोडून दिलं होतं.) अशा गाडीला हात लावणारा माणूस या भागात एकच उरलाय, शफीक मिस्त्री. तीस वर्षं लूम दुरुस्त केले, लूम संपले तसा मोटारसायकलींकडे वळला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, सीट उचकटली, आतल्या उंदरांच्या घरट्याकडे आदराने पाहिलं आणि म्हणाला, “सुमितभाई, इंजन ज़िंदा है. बाकी सब का इंतकाल हो चुका है.” मला वाटलं, इंजिन जिवंत म्हणजे अर्धं काम झालं. शिकलेला माणूस असा फसतो.

पहिल्यांदा टाकी. आत इतका गंज की टाकी हलवली की खुळखुळ्यासारखी वाजायची. मिस्त्रीचा उपाय असा की टाकीत मूठभर नट-बोल्ट आणि साबणाचं पाणी घालायचं, आणि गंज सुटेपर्यंत हलवायचं. किती वेळ? “जब तक पानी साफ ना आए.” त्याचा खांदा दुखतो, म्हणून टाकी माझ्या पोटाला चादरीने बांधली. ताई, एकावन्न वर्षांचा, साखर असलेला, गोदामात वीस माणसांवर सुपरवायझर असलेला तुझा भाऊ चार संध्याकाळ अंगणात पोटाला टाकी बांधून उड्या मारत होता. दुसऱ्या दिवशी समोरची बायजाबाई आईला हळूच विचारून गेली, “सुमितच्या अंगात कवापास्नं येतं?” आपल्या घरात असलं काही कुणी मानत नाही, हे आईने तिला सांगायला हवं होतं. आई म्हणाली, “भाचीचं लगीन ठरल्यापास्नं.”

मग सुट्या भागांचा शोध. तो सगळा लिहीत नाही. फक्त एवढंच, की एक केबल मिळवायला मी तीन रविवार घालवले, आणि शेवटी मिस्त्रीने स्वतःच्या खिशातून दुसरीच केबल काढून, “ये भी चलेगा,” असं म्हणून ती लावली. ती पहिल्या दिवसापासून त्याच्या खिशात होती.

शेवटी तो दिवस आला. जुन्या टू-स्ट्रोक गाडीला लागतं तसं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं (मानकोलीच्या पंपावरच्या पोरीने मला दोनदा विचारलं, अंकल, नक्की?), नवा प्लग बसवला आणि मी किक मारायला लागलो. मी मारल्या. मिस्त्रीने मारल्या. रस्त्याने जाणारा एक रिक्षावाला उतरला, त्याने मारल्या आणि पायाकडे बघत निघून गेला. एकदा किक उलटी आली ती माझ्या नडगीवर. ती जागा अजून जांभळी आहे. आई दारात खुर्ची टाकून सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमचा तोच कार्यक्रम चालला. मिस्त्रीने कार्बोरेटर सात वेळा खोलला आणि आठव्यांदा खोलायला बसला, तेव्हा आई म्हणाली, “काय रं, पेट्रोलचा कॉक तरी खोललाय का न्हाय?”

मिस्त्रीने खाली वाकून कॉक फिरवला.

“आन् पयली लाथ रिकामी मारायची, चावी न लावता,” आई म्हणाली. “मंग चावी. मंग दुसरी.” जी बाई आप्पांच्या मागे कधी बसली नाही (मोटारसायकलवर पाय एका बाजूला टाकून बसणं म्हणजे दोरीवर वाळत घातल्यासारखं, असं ती म्हणायची), तिला ते सगळं पाठ होतं. आप्पा वायरमन. रात्री-अपरात्री कुठे तार तुटली की निघायचे. ती आतून ऐकायची, एवढंच.

पहिली रिकामी. मग चावी. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली.

ताई, तो आवाज मी तुला लिहून कळवू शकत नाही. मिस्त्री टोपी काढून उभा राहिला. मलाही काहीतरी झालं, पण ते दिसलं नाही, कारण तोवर धूर झाला होता. एवढा पांढरा धूर, की गल्लीतल्या लोकांनी डासांची फवारणी आली म्हणून खिडक्या लावल्या, आणि एकाने ग्रामपंचायतीत फोन करून आभार मानले. सायलेन्सरमधून अठरा वर्षांचं सूत, उंदरांचा बिछाना आणि एक मोजा एकदम उडाला, तो सगळा बायजाबाईच्या वाळत घातलेल्या धुण्यावर.

मी गाडीवर बसलो आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. तिथे कळलं की थांबता येत नाही. चिंध्यांच्या गाठी रचल्या होत्या त्यांत घुसलो, म्हणून आज हे पत्र लिहितोय. मिस्त्री धावत आला आणि म्हणाला, “ब्रेक का तो आपने बोला ही नहीं था.”

ब्रेक झाले. (दोन आठवडे.) मागच्या रविवारी आई पांढरी साडी नेसून बाहेर आली आणि म्हणाली, “मला विहारापर्यंत ने.” मी तिला मागे बसवलं. तिने माझा खांदा धरला आणि सबंध रस्ताभर, “हळू, हळू,” म्हणत राहिली. आम्हाला एका बकरीने ओव्हरटेक केलं. विहाराच्या पायरीवर बसून तिने बराच वेळ गाडीकडे पाहिलं.

तर एकूण अशी परिस्थिती आहे. गाडी चालू आहे, पण अकोल्याला पाठवता येणार नाही. तिचे कागद आप्पांच्या नावावर आहेत आणि मुदत केव्हाच संपली. शिवाय ती शफीक मिस्त्रीखेरीज कुणाच्या हाताने नीट चालू होत नाही, आणि तो कोन सोडून येणार नाही. ट्रकात हादरे बसले तर इंजिनाचंही ‘बाकी सब’ होईल. माझ्यात आता पुन्हा टाकी बांधायचं त्राण नाही. हेमालीची समजूत घाल.

तुझा थकलेला भाऊ,
सुमित

ता. क. : हेमालीची समजूत पटत नसेल तर एक सुचवतो. गाडी लग्नाला येत नसेल, तर लग्न गाडीकडे येऊ शकतं. विहाराजवळचा हॉल डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मोकळा आहे. मी सहज विचारलं होतं.

ता. क. २ : सहज विचारताना नावही लिहून आलो. दाजींना माहीत आहे. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांचं ब्लडप्रेशर.

ता. क. ३ : वरचं सगळं पुन्हा वाचलं. त्यातल्या थापा तुला लगेच सापडतील. माझ्या गोदामातून रोज अकोल्याला ट्रक निघतात. गाडी उद्या चढवली तर परवा तुझ्या दारात. मंडपात कागद कुणी मागत नाही. आणि शफीक मिस्त्रीने अकोल्याला यायचं म्हणून कुर्तासुद्धा शिवायला टाकलाय. येऊ शकत नाही ती आई. ऑगस्टात तिच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. या वयात ऑपरेशन नको आणि लांबचा प्रवास तर मुळीच नको, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. त्या दिवशी विहाराच्या पायरीवर तिने माझ्याकडून वचन घेतलं, “धम्माशी यातलं एक अक्षर बोलायचं न्हाय. लगीन टाकून इकडं धावंल ती.” मी बोलणार नाही असं वचन दिलं. लिहिण्याचं तिने काढलं नाही, मीही आठवण करून दिली नाही. तेव्हा फोन करून तिला काही विचारू नकोस, रडू तर अजिबात नकोस. नेहमीच्या आवाजात एवढंच सांग की मला लेकीचं लग्न कोनलाच करायचंय आणि मी कुणाचं ऐकणार नाही. तिला जराही संशय येणार नाही. तुझ्या हट्टावर तिचा माझ्या शब्दापेक्षा जास्त विश्वास आहे.