काहिलीच्या झाकणाला पाडलेलं भोक

माय, मी वसमतला आलोय. तू गेल्यावर पहिल्यांदाच. तू जाऊन सहा वर्षं झाली. निरोप मिळाला तेव्हा मी काकीनाड्याला मासळीच्या गोदामात बर्फ फोडत होतो, आणि तो मिळाला तोही दोन महिन्यांनी. आता धाकल्या मावशीच्या ओसरीवर बसून लिहितोय. फार थकलोय. कामानं नाही, काम तर मी कुठलंच वर्षभर टिकवलं नाही. नुसतं फिरूनच माणूस इतका थकतो हे कुणी सांगितलं नव्हतं. सगळीकडं हळद शिजतीय, गावभर तो उग्र वास सुटलाय, आणि आल्यापासून जेवण गोड लागत नाही. सरळच सांगतो, नाहीतर मी दुसरीकडं भरकटेन. दुष्काळाच्या आदल्या साली हळदीची जी काहील अर्धी कच्ची निघाली, ती तुझ्यामुळं नाही. झाकणाला भोक मी पाडलं होतं.

तू काहिलीपाशी बसलेली आहेस. आत हळद भरलेली, बुडाशी थोडं पाणी, वर हळदीचाच पाला, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर चिखलाचं लिंपण, आणि खाली जाळ. "हळद पाण्यानं न्हाई, वाफेनं शिजते," तू म्हणायचीस, "अन् वाफ लई चुकार. येक भोक दिसलं का समदी तिकडंच." बाकीच्या बाया झाकण उचकून बघायच्या, तू नुसता कान द्यायचीस. म्हणून तर हळदीच्या मळ्याचा मालक दर साली तुलाच बोलवायचा. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा घोडा. औंढ्याच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता, अंगात टेरिलीनचा नवा सदरा घालायचा होता, आणि तो पार चुरगळलेला. इस्त्री आपल्याकडं कुठली? तू लाकडं आणायला मागं गेलीस, तेवढ्यात मी पलीकडच्या कडेला लिंपणात मनगटाएवढं भोक पाडलं आणि वाफेवर सदरा धरला. चुण्या गेल्या हां, ते कबूल केलं पाहिजे. मग भोकात चिंधी कोंबली, वरून चिखलाचा हात फिरवला आणि सटकलो. चिंधी टिकली नसणार.

पुढं हळद वाळून मोंढ्यात विकायला गेली. अडत्यानं हळकुंडं मोडून बघितली. काही आतून पिवळीजर्द, काही पांढरट. संध्याकाळी मालक खळ्यावर येऊन सगळ्यांसमोर ओरडतो, "डोळा लागला आसंल बाई तुजा!"

"न्हाई लागला. जाळ बराबर व्हता. वाफ कुटंतरी गेली."

"वाफंला काय पाय फुटले? काहून खोटं बोलून राहिलीस?"

सगळे हसले. मी तिथंच गोणी शिवत होतो. मीही हसलो, माय. महिन्याभरात मी नांदेडला पळालो. पुढचं मावशीनं परवा सांगितलं: दुसऱ्या साली काहिलीवर दुसरी बाई बसवली, तू रानात तण निंदायला जायला लागलीस, आणि हळद शिजायला लागली की तू ती वाटच सोडून लांबून जायचीस.

फिरत फिरत मी विशाखापट्टणमला एका जहाजावर लागलो. माल नेणारं नाही, समुद्राचा तळ तपासणारं. माझं काम तार सोडायची आणि गुंडाळायची. तारेच्या टोकाला दोन माणसांच्या उंचीएवढा लांब लोखंडी भाला. तो तळाच्या चिखलात रुतवायचा, म्हणजे चिखल किती गरम ते कळायचं. खाली पोचायलाच तास-दीड तास जायचा. जहाजावरचे साहेब बंगाली होते. त्यांनी सांगितलं, तिथंही खाली आपल्याकडच्यासारखाच काळा पाषाण आहे, भेगाळलेला. भेगांत समुद्राचंच पाणी, त्याला पृथ्वीच्या पोटातला शेक, आणि वर चिखलाचा जाड थर. मी ऐकतोय आणि मला काहील दिसतीय. "हिसाब से यहाँ गरमी ज़्यादा होनी चाहिए," साहेब म्हणायचे, पण आकडा काही चढेना. तीनदा तार सोडली. साहेब म्हणाले, यंत्रच बिघडलं, पुन्हा सोडा. माझे खांदे भरून आले होते. वैतागून बोललो, "साब, यंत्र ठीक है. ढक्कन में कहीं छेद होगा, गरमी उधर से जा रही है."

साहेब आधी हसले. मग नकाशा पसरून मला जवळ बोलावलं. चिखलातून डोकी वर काढलेले दोन उघडे खडकाळ डोंगर, मधे कित्येक कोस नुसता चिखल. बाहेरदेशीचे काही लोक असंच म्हणतात, म्हणाले. एका डोंगरातून गार पाणी आत शिरतं, चिखलाखालून पाषाणाच्या भेगांतून चालत जातं, वाटेत ऊब उचलतं, दुसऱ्या डोंगरातून बाहेर पडतं. वाफ होत नाही, वरच्या पाण्याचा भार होऊ देत नाही; पण चाल तीच. दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याशी भाला रुतवला आणि आकडा चढला. साहेबांनी पाठीत थाप मारली. "तुझे किसने सिखाया रे?"

मी म्हणालो, "किसी ने नहीं साब. ऐसे ही सूझा."

दिवसभर सगळे मला शाबासकी देत होते आणि मी ती घेत होतो. तेव्हापासून मन लागेना. पुढच्या बंदराला उतरलो, म्हटलं आधी मालकाला जाऊन भोकाचं खरं सांगायचं. काल गेलो. मालक आता बाजेवरच असतात. "आरं, तू काहिलीवालीचा न्हाई का? बस. कुटं व्हतास?" मी समुद्र सांगितला, जहाज सांगितलं, उडणारे मासे सांगितले, तासभर. चहा आला. मग तेच म्हणाले, "तुजी माय लई गुणाची व्हती. येकदाच डोळा लागला बघ तिचा." मी कपातला शेवटचा घोट घेतला आणि मान डोलावली. कशाला डोलावली ते ठाऊक नाही.

म्हणून आज कागद घेतला. पहिली ओळ 'मालक' अशीच लिहिली होती, ती फाडली. त्यांचं घर इथून चार गल्ल्यांवर आहे, त्यांचा पोरगा वाचून दाखवील, पाच मिनिटांचं काम. तुला लिहायला लागलो तसा हात धावत सुटला. तुला वाचता येत नव्हतं, माय, आणि आता तर तू नाहीसच. म्हणूनच तुला लिहिलं.