ड्युटीवर रागिणी ताथोड

अकोला,
४ मे

प्रिय रागिणीताई,

नमस्कार. बाळाला पापा, गोपाल भाऊजींना नमस्कार, आणि तुझ्या सासूबाईंना सांग की त्यांच्या मुगवड्या दोन दिवसांत फस्त झाल्या. डबा धुऊन धम्मदीपच्या हाती परत पाठवते आहे. पत्रही त्याच्याच हाती. आमच्या वर्गातला तो एकटाच तेल्हाऱ्याचा, दर रविवारी घरी जातो, म्हणून आपलं टपालखातं फुकटात चाललंय. तू म्हणशील, फोन कर की. पण होस्टेलात तीन वर्षं आमचे मोबाईल जमा करून घेतले, तेव्हापासून तुला लिहिल्याशिवाय बोलल्यासारखंच वाटत नाही.

परीक्षा झाली. निकाल कधी, कोणालाच माहीत नाही. निकाल लागला की नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी, मग नोंदणीचा नंबर यायची वाट. गेल्या महिन्यात अमरावतीत नोकरीसाठी दवाखाने फिरले. एका ठिकाणी म्हणाले नंबर आण, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले अनुभव आण. तिसरीकडच्या बाईंनी मला आधी पाणी दिलं, तेव्हाच समजले. म्हणाल्या, "पोरी, घरी सांगून ठेव, इतक्यात काई होत नाई." घरी काय सांगू? वरूडला बाबांनी बागेचं पाणी तोडलंय, संत्र्याला मृगाचा बहार यावा म्हणून, आणि सगळे आभाळाकडे बघत बसलेत. आई मात्र गावभर सांगत सुटली आहे की आमची वर्षाली सिस्टर झाली. तिनं बीपी मोजायचं मशीनसुद्धा घेऊन ठेवलंय. मी आले की गावाचं बीपी बघायचं म्हणे.

म्हणून तुझे उपकार. तुझ्या जुन्या हॉस्पिटलात मोठ्या सरांनी मला ठेवून घेतलं ते तुझ्या नावावर, अगदी खरोखरच तुझ्या नावावर! तू बाळंतपणाला म्हणून गेलीस ती परत आली नाहीस, पण इथल्या कागदावर नोंदणी झालेली नर्स अजून तूच. काउंटरमागे तुझं प्रमाणपत्र फ्रेम करून टांगलंय, तपासणीला कोणी आलं तर दाखवायला. काम करणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि अकोटची आचल. दोघीही बिननंबरी. 'आर. ताथोड' लिहिलेला तुझा बिल्ला मी लावते, आणि चार्टवर दोघीही तुझी सही करतो. जुन्या फायली उघडून मी ती आठवडाभर गिरवली. आता तो 'आर'चा शेपटा तुझ्यापेक्षा मला बरा जमतो. तू म्हणालीच होतीस, "नाव मायं, काम तुयं. काय बिघडते त्यात?" काही बिघडत नाही, बाप्पा. फक्त कोणी "रागिणी सिस्टर" म्हणून हाक मारली की मी अजून मागे वळून बघते, तू आलीस की काय म्हणून.

सरकारी भरतीच्या यादीत तुझं नाव लागल्याचं मावशीनं सांगितलं. आपल्या घरातली पहिली सरकारी नोकरी, तीही तेल्हाऱ्याजवळ! कागदपत्रं दाखवायला अमरावतीला जाशील तेव्हा अंबादेवीला माझ्या वाटचाही एक नमस्कार कर.

तुझीच,
डुप्लिकेट रागिणी


अकोला,
२५ मे

प्रिय ताई,

नमस्कार. तुमच्याकडे सगळे बरे असतील. इथे ऊन म्हणजे ऊन आहे. कूलर हवा कमी देतो, बोंबलतो जास्त. आईनं कुरडया पाठवल्या, त्यातल्या अर्ध्या धम्मदीपकडे दिल्या आहेत.

अमरावतीचं काम नीट झालं ना? बुधवारी, एकवीस तारखेला, तू तिथे किती वेळ होतीस? आल्यागेल्याची सही घेतात का तिथे? उगाच विचारतेय, पण कळव.

मोठ्या सरांचा फोन आला तर उचलू नकोस. भाऊजींनाही उचलू देऊ नकोस. कारण नंतर सांगेन.

वॉर्डात एक म्हातारी गेली. केशरबाई नाव. बाजारात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकायची. मला बघितलं की म्हणायची, "सांभाराच्या जुडीवानी बारीक हाये वं तू. सासू जेवाले देत नाई काय?" लग्नच झालं नाही म्हटलं तर म्हणाली, मग मी पाहते एखादा पोरगा. तापानं आली होती. ताप उतरत आला होता. वॉर्ड म्हटला की माणसं जातातच, तुला मी काय सांगावं.

आचल अकोटला घरी निघून गेली, तिचा फोन लागत नाही. मी जाते ड्युटीला. चार्टवर सही करत नाही. मनगट दुखतंय म्हणून सांगितलं आहे.

मुगवड्या पाठवू नकोस. जेवण जात नाही.

तुझी,
व.


अकोला,
१ जून

ताई,

नमस्कार-चमत्कार आज राहू दे. धम्मदीपला बजावलंय की हे फक्त तुझ्याच हातात द्यायचं. दार लावून वाच आणि शेवटपर्यंत वाच.

केशरबाई माझ्या हातून गेली.

त्या बुधवारी सकाळी सरांनी तिला नवीन अँटिबायोटिक लिहून दिलं आणि ते दुसऱ्या हॉस्पिटलात ऑपरेशनला गेले. पहिली सुई देण्याआधी टेस्ट द्यायची असते, हे तूच मला पहिल्या वर्षाला शिकवलंस. हातावर कातडीखाली थेंबभर औषध, भोवती पेनानं गोल, आणि अर्धा तास थांबून बघायचं, गांध उठते का. पण तिथली रीत तुला ठाऊक आहे. आधी चार्ट भरायचा, मग काम करायचं, तपासणी कधीही येते म्हणून. आचलनं टेस्टच्या रकान्यात सही करून ठेवली आणि तेवढ्यात तिला संध्याकाळच्या ऑपरेशनसाठी थिएटर लावायला बोलावलं. टेस्ट राहिली.

मी सुई भरून घेऊन गेले. चार्ट बघितला. सही होती. सकाळपासून मी दोन-तीन जणांच्या टेस्ट केल्या होत्या, मला वाटलं ही माझीच. ताई, मला माझी सही ओळखता आली नाही, कारण ती माझी नव्हतीच, आचलचीही नव्हती. दोघींनी तुझीच गिरवलेली, तोच 'आर', तोच शेपटा. तिथे 'आचल' लिहिलेलं असतं तर मी थिएटरच्या दारातून ओरडून विचारलं असतं, काय वं, झाली का टेस्ट? रागिणीला मी काय विचारणार? रागिणी तर मीच होते.

औषध अर्धं गेलं असेल. ती म्हणाली, "रागिणी, मले कसंतरीच होऊन राह्यलं वं. घसा दाटून राह्यला." मी सुई काढली. अशा वेळच्या औषधांचा ट्रे थिएटरात होता. मी धावले, आणलं, दिलं, छाती दाबली. तिची सून चतुराबाई पायाशी उभी राहून रडत होती. ती सासूचा तळहात चोळायला लागली तेव्हा तो हात माझ्यासमोर आला. कोपरापासून मनगटापर्यंत कोरा. पेनाचा गोल कुठेच नव्हता. मी कागद बघितला, ताई, तिचा हात बघितला नाही.

ती जाईपर्यंत तुझंच नाव घेत होती.

दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. रागावले नाहीत. खुर्ची दिली. म्हणाले, "तू घाबरतेस कशाला? तू तर इथे नव्हतीसच. कागदावर ड्युटी रागिणीची आहे, टेस्टची सही आहे. वेळ आली तर ती येऊन सांगेल की टेस्ट दिली होती, पुढे पेशंटचं नशीब. ती आपल्या घरचीच आहे. तुझा नंबर आला की तुझी जागा इथे पक्की."

आणि मला हायसं वाटलं. लिहायची लाज वाटते, पण वाटलं. खोलीवर येऊन मी झोपले, चांगली गाढ झोपले. मागचं पत्र तुला लिहिलं ते त्या हायशातूनच. लिहिता लिहिता एकवीस तारीख आठवली. त्याच सकाळी तू अमरावतीत खरी प्रमाणपत्रं घेऊन रांगेत उभी होतीस. तिथे तुझी सही, इथे तुझी सही. इथे होते म्हणालीस तर सरकारी नोकरी गेलीच, वर केशरबाईचं मरण तुझ्या माथी. नव्हते म्हणालीस तर मग इथे तुझं नाव कसं, हे विचारतीलच.

तरी मी गप्प होते. काल केशरबाईच्या घरी गेले. काय सांगायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं. चतुराबाईनं मला पाहिलं आणि उठून सतरंजी टाकली. "तुमी रागिणीबाई ना? या, बसा. मायी सासू तुमचंच नाव घे. तुमी कशा पयत होत्या तिच्यासाठी, म्या पायलं ना डोयानं. आमाले तुमच्यावर काईच म्हनाचं नाई. डॉक्टरच नोयता जागेवर. आमी पोलिसात लिहून देल्लं. साक्षीले तुमचं नाव टाकलं. म्हटलं, रागिणीबाईले विचारा, त्या खरं सांगतीन."

मी चहा पिऊन आले, ताई. कपात साखर जास्त होती, तीही बोटानं पुसून खाल्ली, कारण मान वर करायची नव्हती. मी रागिणी नाही, एवढं माझ्या तोंडातून निघालं नाही. निघताना तिनं मेथीची जुडी दिली. ती खोलीत पडून सुकली आहे.

म्हणजे आता बोलावणं तुलाच येणार. सरांनाही तूच साक्षीदार हवी आणि चतुराबाईलाही तूच. त्या दिवशी तिथे नसलेली एकटी तू, आणि तुझ्यावरच सगळ्यांचा भरवसा.

उद्या सकाळी मी परत चतुराबाईकडे जाते. आधी तिला सांगेन, मग तिच्याबरोबर पोलीस स्टेशनला जाईन. तिनं मला दारातूनच हाकललं तर एकटी जाईन. धम्मदीप येतो म्हणाला होता. त्याचाही नंबर यायचाय, म्हणून नको म्हटलं.

आधी वाटलं होतं, तुझं नाव मी चोरून वापरलं असं सांगावं, म्हणजे तू सुटशील. रात्रभर ते वाक्य घोळवलं. पण ते टिकणार नाही. नावापायी दर महिन्याला तुझ्या खात्यावर जे जमा होतं ते सरांच्या बँकेत दिसतं, आणि उद्या ते तुझ्याविरुद्ध काढायला सर मागेपुढे बघणार नाहीत. शिवाय मला आता कोणाचं काहीच गिरवायचं नाही. म्हणून विचारलं तर खरं सांगेन. तू दिलंस आणि मी घेतलं, असंच सांगेन. तुझी नोकरी त्यात जाईल कदाचित. हे मला माहीत असून मी जाते आहे, हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून हे पत्र. तुला बोलावतील तेव्हा सर काय शिकवतील ते ऐकू नकोस. अमरावतीला होते, एवढंच सांग. ते खरं आहे.

तुझा राग येऊ दे. मलाही तुझा येतो मधूनच. काय बिघडते त्यात म्हणालीस ना! मग आठवतं, माझ्यासाठी शब्द टाकायला तू बाळाला कडेवर घेऊन एसटीनं उन्हात अकोल्याला आली होतीस, आणि राग कुठे ठेवावा तेच समजत नाही. माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

माझा नंबर आता काही येत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. तिनं परवाच फोनवर विचारलं, मशीनचे सेल काढून ठेवू की राहू देऊ. राहू दे म्हटलं. मावशीला तू सांग, आणि मावशीला म्हणावं, आईला तिनं सांगावं. मला ते जमणार नाही.

तुझा बिल्ला पाकिटात घातला आहे. पिन वाकली आहे, बाळापासून जपून ठेव.

इतक्यांदा तुझी सही केली की आज माझी करताना हात अडला. मागच्या कोऱ्या पानावर दोनदा करून पाहिली आणि मग खाली केली. आपल्याला शिकवलं होतं ना, सहीखाली नंबर लिहायचाच, तोही लिहिला आहे.

तुझी मावसबहीण,

वर्षाली नत्थुजी खेरडे
नोंदणी क्रमांक : नाही