नाताळपर्यंत वीस अंश

हौकिलाम्पी,
डिसेंबरचा पहिला रविवार

ती. लेम्पीताईस,

तौनोचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द मी उगाच वापरत नाही. परवा सकाळी बर्फाळलेल्या पायरीवरून घसरलो, तेव्हा आठही अंगं एकदम टेकली. हाड मोडलेलं नाही. काळजी नसावी.)

तुझा गुडघा कसा आहे? समोरची शेजारीण अजून तुझ्या दारातच बूट झटकते का? मागच्या पत्रात तू लिहिलंस की दिवसभरात तुझ्याशी फक्त लिफ्ट बोलते, ते वाचून मी हसलो आणि नंतर हसलो नाही. खिडकीतल्या निवडुंगाला कळ्या धरल्या असतील. तो अजून त्या काळ्या लोखंडी तबकावरच उभा आहे ना? असू दे, सहज विचारलं. माझी प्रकृती ठणठणीत आहे. खोकला आहे, पण तो सवयीचा आहे, थंडीचा नव्हे. तुझ्यासारख्या निवृत्त मुख्य परिचारिकेला हा फरक मी समजावून सांगायला हवा असं नाही.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबरात घर तापवणाऱ्या, तळघरातल्या तेलाच्या बॉयलरने शेवटचा आचका दिला, तेव्हा तू लगोलग कळवलंस, "नाताळच्या आदल्या दिवशी दुपारच्या कॉफीला मी माझा थर्मामीटर घेऊन येते. स्वयंपाकघरात पारा विसाच्या खाली दिसला तर हुज्जत न घालता घर विकायला काढायचं, आणि तू कुओपिओला माझ्या इमारतीत तळमजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये यायचं." घर दोघांच्या नावावर आहे, तेव्हा तुझा तो अधिकार मला मान्य आहे. पण ताई, मी इथून हलणार नाही. हे सुरुवातीलाच ठणकावून लिहितो, कारण पुढचं वाचून तुला तसं वाटणार नाही.

मी हातपाय गाळून बसलो नाही. पहिल्याच आठवड्यात जमिनीत खोल भोक पाडून खालची ऊब वर आणणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावला. कोवळा पोरगा, गळ्यात मफलर, पायात असे बूट की ज्यांनी बर्फ फक्त चित्रात पाहिला असावा. त्याने अंगणभर फिरून जो आकडा सांगितला, त्यात आपल्या गावात घर, धक्का आणि धक्क्याला बांधलेली होडी एवढं सगळं मिळतं. वर म्हणतो, "काका, पंधरा वर्षांत सगळं वसूल!" मी म्हटलं, "पंधरा वर्षांनी मी शहाऐंशीचा असेन. वसुलीला कोण येणार, तू?" बिचारा कॉफी अर्धी टाकून गेला. (बिस्किटं मात्र सगळी संपवली.)

मग शेजारचा आहती त्याचे विजेचे दोन हीटर घेऊन आला. आहतीची वीज तासातासाला भाव बदलते आणि तो दिवसभर फोनमध्ये डोकं घालून त्या भावावर नजर ठेवतो. तिकडे किनाऱ्यावर वारा सुटला की पवनचक्क्या फिरतात आणि वीज मातीमोल, वारा पडला की भाव आभाळाला. आता तूच सांग, आपल्याकडे हाडं गोठवणारी थंडी कधी पडते? वारा पडल्यावरच! म्हणजे उबेची गरज नसेल तेव्हा ऊब जवळपास फुकट. आहतीची बायको सायमी म्हणते, "आमच्या घरी बटाटे भूक लागली म्हणून उकडत नाहीत, वारा सुटला म्हणून उकडतात." तरी मी हीटर लावून पाहिले. दोन्ही एकदम लावल्याबरोबर आपल्या जुन्या वायरिंगने फ्यूज उडवला, आणि मेणबत्ती शोधताना मी आईच्या हातमागावर आदळलो. हातमाग शाबूत आहे.

आणि मग मला ते सुचलं. हसणार नाहीस असं आधी मनाशी ठरव. मी विचार केला, एवढं मोठं घर तापवायला गाडीभर लाकूड लागतं, पण तळ्याकाठचा वाफेच्या अंघोळीचा सौना कवेत मावतील एवढ्या लाकडांत तापतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उबदार राहतो. मग माणसाने घरात राहावंच कशाला? मी गादी, किटली आणि रेडिओ उचलले आणि सौनात राहायला गेलो. पहिला दिवस स्वर्गात असल्यासारखा गेला. मी स्वतःच्या अकलेवर इतका खूश होतो की शिट्टी वाजवत होतो.

चूक एवढीच झाली की धुराड्याचा विचार केला नाही. आपल्या गावात शनिवारी कुणाच्याही सौनातून धूर निघतो, त्याचं कुणाला काही नाही. पण मंगळवारी धूर निघाला की त्याचा अर्थ एकच: कुणीतरी सौना तापवला आहे आणि आत जागा आहे. संध्याकाळी दार वाजलं. आहती, खांद्यावर टॉवेल, हातात सॉसेजची पुडी. "धूर दिसला," एवढंच म्हणाला आणि कपडे काढायला लागला. टॉवेल आणि सॉसेज घेऊन दारात आलेल्या माणसाला परत पाठवलं असतं, तर आई थडग्यातून उठून माझा कान धरायला आली असती. मी गादी भिंतीला उभी केली, मीही कपडे काढले आणि तापलेल्या दगडांवर पाणी मारत बसलो. बुधवारी चर्चमधला निवृत्त ऑर्गनवाला आला. "धूर दिसला." गुरुवारी त्याने त्याच्या भावाला आणलं. ताई, जन्मात इतका स्वच्छ मी कधीच नव्हतो. धूर बंद करावा तर मी गारठणार, चालू ठेवावा तर पाहुणे येणार, असं माझं घोडं अडलं.

कळस शुक्रवारी झाला. सायमी, तिची नणंद आणि पोस्टातली थोराड बाई अशा तिघी आल्या, आणि आत बायका असल्या की पुरुषांनी बाहेर थांबायचं. मी अंगात बाबांचा जुना लोकरी कोट आणि त्याखाली जवळपास काही नाही अशा अवस्थेत, लाकडं फोडायच्या ओंडक्यावर, उणे अठरात. आत माझ्या बेडरूममध्ये तिघी खिदळतायत आणि दगडांवर घमेलंभर पाणी ओततायत! मग दार किलकिलं करून सायमी ओरडली, "अरे तौनो, इथे कुणीतरी गादी ठेवलीये, चिंब झालीये बघ!" मी बाहेरून म्हटलं, "असू दे, जुनीच आहे!" दुसरं काय बोलणार? मी तिथे राहतोय हे सायमीला कळलं की ते संध्याकाळपर्यंत कुओपिओला कळणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तरी कळलंच. खिडकीत ग्लासात माझे दात होते.

सायमी हसली नाही. दोघींना पुढे धाडून ती ओंडक्याशी आली. "तू इथे राहतोस?"

"तात्पुरता."

"आणि घर?"

"घर थंड आहे."

तिने टॉवेल डोक्याला आवळला. "मूर्ख आहेस. तुझ्या बापाने भिंतीत घर तापवायला एवढी विटांची भट्टी बांधून ठेवलीये, ती काय शोभेला?"

ताई, मी ओंडक्यावरून उठलोच. ती भट्टी मी विसरलोच होतो गं! तेलाचा बॉयलर आल्यावर आईने त्या भिंतीला फुलाफुलांचा कागद चिकटवला, आणि तेव्हापासून माझ्या लेखी ती नुसती एक जाड भिंत होती. घरी जाऊन मी कागद टराटरा फाडला. आत बाबांची भट्टी होती, कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटलेली वीटसुद्धा जशीच्या तशी. धुराडं साफ करणाऱ्याला बोलावलं. तो वर चढला, पक्ष्यांची तीन मजली वसाहत खाली आणली आणि धुराडं बिनधास्त वापरा म्हणाला.

तेव्हा आता माझं असं ठरलं आहे, आणि यात बदल नाही. एरवीच्या दिवसांसाठी स्वयंपाकघराच्या भिंतीवर हवेतून ऊब खेचणारा साधा पंप बसवून घेतला. तो वीज बेताची खातो आणि बडबड करत नाही. हाडं गोठवणाऱ्या दिवशी त्याची ताकद कमी पडते, तेव्हा भट्टी. सकाळी एकदा पेटवली की विटा दुसऱ्या सकाळपर्यंत धग धरतात, आणि बर्चचं वाळलेलं लाकूड आपल्या कोठारात आढ्याला टेकलेलं आहे. वरचा मजला आणि मोठी खोली कांबळी ठोकून बंद केली. उबदार खोल्या दोनच ठेवल्या. आज नुसत्या पंपावर सतरा अंश आहेत. उरलेले तीन भट्टी देईल.

खरं सांगू? मला थंडीची भीती वाटत नाही. तुझ्या इमारतीत ऊब पाइपातून आपोआप येते, त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. मग सकाळी उठून मी करू काय? मला त्या रिकाम्या सकाळची भीती वाटते. इथे निदान लाकडं माझी वाट पाहतात.

सायमी आणि आहती तुला विचारत असतात. गुडघ्याला जप, आणि या भावावर राग असला तर तो थर्मामीटरबरोबर आण.

तुझा हट्टी धाकटा भाऊ,
तौनो

ता. क. भट्टी अजून पेटवलेली नाही. पेटवता येत नाही. तिला दार नाही. तेल आलं त्या वर्षी तू नोकरीला कुओपिओला निघालीस, आणि बाबांनी "आता याचा काय उपयोग" म्हणून ते बिडाचं दार घरची आठवण म्हणून तुझ्या पेटीत घातलं. त्यावर तू निवडुंग ठेवतेस. नवी दारं आणून पाहिली, बाबांच्या चौकटीत एकही बसत नाही. म्हणजे मी इथे राहणार की नाही, हे सध्या तुझ्या खिडकीत ठेवलेलं आहे. ते आणलं नाहीस तर पारा सतरावरच राहील आणि तू जिंकशील. मी तक्रार करणार नाही. (करेन.)

ता. क. २. पार्सलने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये, आणि चांगली आठवडाभर आधी ये. इतकी वर्षं थंड पडलेली भट्टी एकदम तापवली तर तडकते. रोज थोडी थोडी पेटवावी लागते आणि शेजारी कुणीतरी बसून राहावं लागतं. सौनात गादी वाळत घातली आहे, तिकडे दुर्लक्ष कर.

ता. क. ३. दोन खोल्या उबदार ठेवल्या असं वर लिहिलं. एक स्वयंपाकघर, तिथल्या बाकावर मी झोपतो. दुसरी भट्टीच्या पलीकडची, तुझी. तुझी खाट विटांच्या भिंतीला लावून ठेवली आहे. परतीचं तिकीट इतक्यात काढू नकोस. निवडुंगही सोबत आण, त्याच्याखाली ठेवायला इथे बशी आहे.