घोड्यांकडे पाठ

प्रिय अँब्रोजदादा,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही. पाठवलं की तू ते न्याहारीच्या टेबलावर वहिनीला वाचून दाखवशील, आणि माझ्या लग्नावर मला तिचं मत नकोय.

तू लंडनला होतास तेव्हा रविवारी चर्चहून येताना मिस्टर पेनरोज तुझ्या घोडागाडीत आमच्यासोबत होते. मी नेहमीसारखी घोड्यांकडे पाठ करून बसायला गेले. वहिनी त्यांना म्हणाली, "डोसीला उलटं बसायची सवय आहे."

"सवय त्यांना आहे की तुम्हाला?" असं विचारून त्यांनी मला वहिनीशेजारी बसवलं आणि स्वतः माझ्या जागी बसले.

दादा, आईबाबा गेल्यापासून मी तुझ्या घरी आहे, आणि प्रत्येक रस्ता मागे पडल्यावरच बघितलाय. त्या दिवशी पवनचक्की मला लांबून येताना दिसली.

मिस्टर पेनरोज युद्ध संपेपर्यंत नौदलात डॉक्टर होते. भर वादळात त्यांनी लोकांचे पाय कापलेत. पण त्या पवनचक्कीपाशी ते हिरवेपिवळे झाले, उतरून कुंपणाशी ओकले, आणि तोंड पुसून परत तिथेच बसले.

"इतकी वर्षं इथे कशा बसलात हो?" त्यांनी मला विचारलं. हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली.

काल त्यांनी मला मागणी घातली. विचार करून सांगते, एवढंही न म्हणता मी लगेच हो म्हणाले. उद्या ते मला त्यांच्या आईकडे न्यायला येतील. तुझ्या गाडीपुढे त्यांची गाडी अगदीच किरकोळ आहे. तिला एकच बाक आहे. दोघांनाही पुढेच बघावं लागतं.

तुझी बहीण,
थिओडोसिया